सुतकातला अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या वाडीत कोणी गेलं की आधी फोडणी बंद होते आणि मग रेडिओ. दहाव्यापर्यंत कढईत तेल तापत नाही, आमटीत हळद पडत नाही आणि आवाज करणारी कुठलीही वस्तू चालू होत नाही. फोडणीवाचून माझं काही अडत नव्हतं. रेडिओवाचून मात्र त्या वर्षी आम्हा सगळ्यांचं फारच अडलं. काका गेले ते ऐन मॅचा चालू असताना, आणि शेवटची मॅच आली ती त्यांच्या आठव्या दिवशी.

हे काका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. शहापूरकडून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची वाडी, आणि वाडीत आमच्या भावकीची तीन घरं एका ओळीत, एकाच कौलारू छपराखाली. डावीकडे आम्ही, मधे काका-काकी, उजवीकडे काकांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे माझे धाकटे काका. मधल्या भिंती माणसाच्या डोक्याच्या जरा वर जाऊन थांबलेल्या, वर तिघांचं मिळून छप्पर. एका घरात कोणी शिंकलं तर तिसऱ्या घरातून "सत्य हाय" असं उत्तर यायचं.

काकांना क्रिकेट ऐकण्याचं वेड होतं, आणि सांगण्याचं त्याहून जास्त. कानाला रेडिओ लावून ते ओटीवर येरझाऱ्या घालायचे आणि जे कानात शिरेल ते लगेच तोंडावाटे बाहेर काढायचे. "ऐकलास का गो, चौका मारला," असं ते चुलीपाशी बसलेल्या काकीला सांगायचे, पण सांगायचे अशा आवाजात की तिन्ही घरं, गोठा आणि विहिरीवरच्या बायका, सगळ्यांना फुकटात स्कोअर कळे. आमच्या ओळीत दुसऱ्या कोणी रेडिओ घेतलाच नव्हता. गरजच पडली नाही कधी.

ते गेले तेव्हा तो रेडिओही त्यांच्याबरोबर सरणावर ठेवला. त्यांना मूलबाळ नव्हतं, अग्नी धाकट्या काकांनी दिला. देण्याआधी त्यांनी रेडिओतले चारही सेल काढून कनवटीला लावले. आगीत सेल फुटतात, असं कारण त्यांनी सांगितलं. सेल अगदी नवे होते हे सगळ्यांनी पाहिलं, पण अशा वेळी कोण काय बोलणार.

मी तेव्हा शहापूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि फिजिक्स हा माझा विषय होता. पण माझं खरं इलेक्ट्रॉनिक्स कॉलेजातलं नव्हतंच, ते गणपतीच्या तोरणांतलं होतं. वाडीतली झाडून सगळी तोरणं मीच दुरुस्त करायची. एक बल्ब गेला की सगळी माळ विझते, तो गेलेला बल्ब शोधून काढायचा, तार खरवडून जोडायची, चिकटपट्टी लावायची. माळ पेटली की पोरं टाळ्या वाजवायची. त्या टाळ्यांवर माझा असा पक्का समज झाला होता की विजेच्या जातीचं जगात जे काही आहे ते मला जमेल.

चौथ्या दिवशी दुपारी धाकट्या काकांनी मला परसात बोलावलं. अग्नी दिल्यामुळे सगळ्यांत कडक सुतक त्यांचं. एकवेळ जेवण, घोंगडीवर झोपणं, कुठे जाणंयेणं नाही. चेहरा अगदी दुःखी ठेवून ते हळूच म्हणाले, "पोराचा तो वॉकमन हाय ना, त्याच्यावर मॅच लागते का गो?"

त्यांचा पोरगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, रोज आसनगावहून लोकल पकडून कल्याणला कामाला जायचा. त्याच्याकडे रेडिओवाला वॉकमन होता. म्हटलं, "लागते. पण कानात घालायचं एकच हाय."

"मंग एकाचे चार कर. तुला येतंय ना तसलं."

चार म्हणजे ते स्वतः, त्यांचा पोरगा, माझे बाबा आणि मी. बाबांना मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं, मग आईकडे पाहिलं, मग म्हणाले की आवाज बाहेर येणार नसेल तर त्याला वाजवणं म्हणता येत नाही. आईला हा कायदा पटला नाही. तिचा एकच मुद्दा होता आणि तो तिने पोळपाट आपटून मांडला. "त्या बाईला कळता कामा नये. तिचा मानूस गेलाय आनि ह्यांना मॅच सुचतंय, असा तिला एक क्षन जरी वाटला ना, तर मी तुमच्या कोनाशी बोलनार नाय."

कारण काकीची अवस्था बघवत नव्हती. सकाळ-संध्याकाळ बाया येऊन बसायच्या, पण ती भिंतीला टेकून गप्प. विचारलं तर मान हलवायची. जेवण दोन घास. दुपारी बाया गेल्या की ती आडवी व्हायची आणि छपराकडे बघत राहायची. इतकी वर्षं ज्या घरातून चोवीस तास आवाज यायचा ते मधलं घर आता इतकं गप्प होतं की आम्ही दोन्ही बाजूंचे लोक चमचाही सावकाश ठेवत होतो. तिला दुखवायचं नाही हे मलाही मनापासून वाटत होतं. आणि मॅचही ऐकायचीच होती.

आधी मी सोपा मार्ग काढला. चुलतभावाने कल्याणहून चार स्वस्तातले इयरफोन आणले. वॉकमनच्या एका भोकातून निघालेल्या तारेला चार फाटे फोडले. चौघांनी कानात घातलं आणि चौघंही एकमेकांकडे बघत बसलो. आत कोणीतरी बोलत होतं खरं, पण ते मडक्यातल्या मुंगीने बोलावं इतकं. एका माणसापुरता आवाज चौघांत वाटला की कोणाचंच पोट भरत नाही. तेव्हा मला कळलं की आपल्याला अ‍ॅम्प्लिफायर लागणार, आणि कळल्याबरोबर अंगात असा काही उत्साह भरला की सुतक आहे हे मी जवळजवळ विसरले.

कॉलेजच्या लायब्ररीत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचं सर्किट होतं. आठ पायांची एक आयसी, आजूबाजूला चार-पाच फुटकळ भाग, बस्स. पण ते स्पीकरसाठी होतं आणि मला पाहिजे होतं कानांसाठी, तेही दोन घरांतल्या चार माणसांच्या. म्हणजे त्यात बदल करायला हवा होता. बदल करायचा म्हणजे डिझाइन. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा त्या आठवड्यात वापरला आणि मग कारण नसतानाही वापरत सुटले. "आई, मी डिझाइन करतेय, मला भांडी सांगू नको," असंसुद्धा म्हणून पाहिलं. भांडी घासावी लागली ती लागलीच.

मागच्या पडवीतल्या शहाबादी फरशीवर मी खडूने सर्किट काढायची. कागदावर काढण्यापेक्षा हे बरं, तार कशी जाणार ते उभ्याने दिसतं. आई झाडायला आली की माझं अर्धं डिझाइन केरात जायचं, आणि गंमत अशी की दुसऱ्यांदा काढताना ते आधीपेक्षा सोपं निघायचं. तिने एकदा एक अख्खा फाटा पुसला तो मी परत काढलाच नाही, कारण त्याच्यावाचून चालत होतं. आयसीही चुलतभावानेच कल्याणहून आणली. बाकीचा माल शहापूरच्या एसटी स्टँडजवळच्या टीव्ही रिपेअरवाल्याने त्याच्या भंगाराच्या खोक्यातून मला वेचू दिला. त्या खोक्यात हात घालून बसण्यात जे सुख होतं ते मला पुढे सोनाराच्या दुकानातही मिळालं नाही. सगळं मावलं एका साबणाच्या डबीत. हिरवी डबी, झाकणाला भोकं पाडून त्यातून वायरी बाहेर.

पहिल्यांदा मी ते घरातल्या लाइटवर चालवायचं ठरवलं. एका मोडक्या खेळण्यातला ट्रान्सफॉर्मर होता, त्याच्यापुढे डायोड, त्याच्यापुढे तो लहान पिंपासारखा कपॅसिटर. या पिंपाला उलट-सुलट असते, एका बाजूला बारीक वजाची खूण असते, ती बघून जोडायचं. मी खूण बघितली होती. बघून उलटं जोडलं.

बटण दाबलं, डबीला कान लावला, काही नाही. म्हणून जरा लांब सरकले, हे माझं नशीब. मग सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि पडवीभर चांदीच्या कागदाचे बारीक तुकडे उडाले. कोंबड्या ओरडत गोठ्यात पळाल्या. ओळीतली तिन्ही घरं क्षणभर एकदम थांबली. आई धावत आली, तिने माझे दोन्ही हात, डोळे, कान मोजून घेतले आणि सगळं जागेवर आहे अशी खात्री झाल्यावर पाठीत एक धपाटा घातला.

"सुतकात फटाके फोडतेस?" हे तिने ओरडून विचारायचं होतं, पण काकीला ऐकू जाईल म्हणून कुजबुजून विचारलं. कुजबुजत रागावणं फार अवघड असतं. तिची मान लाल झाली होती, आणि मला हसू आवरेना, म्हणून आणखी एक धपाटा बसला. तेवढ्यात मधल्या घरातून काकीचा बारीक आवाज आला, "काय पडला गो?" आई गोड आवाजात म्हणाली, "काय नाय वैनी, तपेला पडला." काकीने पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर लाइटच्या बटणाला हात लावायची मला बंदी झाली. म्हणजे सेल पाहिजेत. धाकट्या काकांपाशी अडचण सांगितली तेव्हा ते आत गेले आणि रुमालात बांधलेले ते चार सेल घेऊन आले. "दादाचे हायेत," ते म्हणाले. "मॅचसाठीच घेतलेले ना त्याने. त्याला चालल." मी ते चार सेल डबीला जोडले. वॉकमनचे स्वतःचे सेल तोवर मेलेले, म्हणून त्याच्यासाठीही यातूनच एक फाटा काढून ठेवला. ही माझी डिझाइनमधली काटकसर.

सेलांवर डबी पहिल्या झटक्यात बोलली. पण वॉकमन अजून जोडलाच नव्हता. मी नुसताच इयरफोन कानात घातला होता, आणि आत एक गृहस्थ अगदी स्पष्ट मराठीत भेंडीवरच्या माव्याबद्दल सांगत होते. मी डबी उलटी केली, तरी भेंडी. वायर हातात धरली तर भेंडी मोठी झाली, सोडली तर लहान. आता मला माहीत आहे की लांबलचक उघड्या वायरी आणि नवशिक्याची जोडणी असली की अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच रेडिओ होतो, हवेतलं जवळचं स्टेशन ओढून घेतो. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मी एवढंच केलं की आईला हाक मारली आणि तिच्या कानात बोंड घातलं.

आईने दोन वाक्यं ऐकली. मग कशाला काहीच जोडलेलं नाही हे तिने पाहिलं. काकांनी त्या वर्षी भेंडीच लावली होती. आईचा चेहरा असा पांढरा पडला की मीच घाबरले. "भावोजी," ती डबीला म्हणाली, "फवारनी केली आमी. तुमी काळजी करू नका." आणि डोक्यावर पदर घेऊन तिने हात जोडले.

तिला सगळं समजावून सांगेपर्यंत बराच वेळ गेला, आणि समजल्यावर तिला राग यायच्या ऐवजी हसू आलं. ते सुतकात मोठ्याने येऊ नये म्हणून ती पदराचा बोळा तोंडात घालून पडवीत खाली बसली. मीही बसले. दोघी मिळून किती हसलो त्याला काही सुमार नाही. पोट दुखायला लागलं तरी एकमेकींकडे पाहिलं की परत सुरू. भेंडी घालवायला मी वायरी पिळून आखूड केल्या आणि आत शिरणाऱ्या तारेपाशी एक चिमुकला कपॅसिटर बसवला. गृहस्थ गेले. आई त्या दिवसापासून माझ्या बाजूची झाली.

मग आली तोरणाची चूक. मला माळ जोडता यायची, म्हणून मी चारही इयरफोन माळेसारखेच जोडले होते, एकातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चाचणीला सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात धाकटे काका कान खाजवायला आपल्या इयरफोनची पिनच तारेतून उपटून बसले आणि आमचे तिघांचे कान ठार बंद. त्यांनी पिन घातली, आम्ही जिवंत. परत काढली, आम्ही मेलो. आपल्या हातात केवढी सत्ता आली आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी मुद्दाम तीन-चार वेळा केलं. बाबा म्हणाले, "हा कोनाच्या तरी औटच्या टायमाला पिन काढनार, बग." मी रातोरात शहाणी झाले आणि प्रत्येकाला डबीपासून वेगळी तार दिली, प्रत्येकाच्या वाटेत एक छोटा रोधक, म्हणजे एकाने काहीही केलं तरी दुसऱ्याचं बिघडणार नाही. चौघांच्याही कानात आवाज भरून आला. स्वच्छ, जवळ, जणू कोणी खांद्यावर हात ठेवून बोलतंय. मी केलेलं होतं ते. साबणाच्या डबीत. मला वाटलं आता उडी मारून कौलांना हात लावावा.

राहता राहिली ती उजवीकडच्या घरापर्यंतची तार. ती जाणार काकीच्या डोक्यावरून, दुसरी वाटच नव्हती. काकी न्हाणीत गेली असताना चुलतभाऊ आणि मी, दोघांनी दोन्ही बाजूंनी भिंतींवर चढून बांबूच्या टोकाने ती तिच्या तुळईवर सरकवली. खालून दिसत नव्हती, असं आमचं मत.

मॅचच्या दिवशी सकाळच्या बाया उठून गेल्या आणि आम्ही जागा धरल्या. आमच्याकडे बाबा खाटेवर, मी डबीपाशी. पलीकडे धाकटे काका घोंगडीवर, त्यांचा पोरगा शेजारी, त्याने आज कामाला दांडी मारली होती. आई दारात बसून चौघांवर पहारा करत होती. कानात इयरफोन असला की माणूस ओरडून बोलतो हे चाचणीत कळलं होतं, तेव्हा धाकट्या काकांनी "मस्त येतंय गो" हे असं म्हटलं होतं की विहिरीवरून कोणीतरी "काय येतंय?" विचारलं. म्हणून आईचा नियम होता, जो तोंड उघडेल त्याची तार ती तोडणार. हातात विळी होती तिच्या.

दुसऱ्यांची बॅटिंग झाली, चिकार रन झाले, आम्ही गप्प. आमची सुरू झाली, चौके गेले, आम्ही मुठी आवळून गप्प. बाबांचे डोळे खोबणीबाहेर येऊन नाचत होते पण ओठ शिवलेले. मला वाटलं जमलं. जगात कोणाला पत्ता नाही आणि आम्ही चौघं मैदानात बसलोय.

आणि मग आमचा चांगला जमलेला गडी उगाचच पुढे सरसावला आणि त्याचा दांडा उडाला.

"अरेरेरेरे," आम्ही डावीकडून म्हणालो. "अरेरेरेरे," ते उजवीकडून म्हणाले. मधे काकी. एका कानाला आम्ही, दुसऱ्या कानाला ते, असा सुरेख स्टिरिओ माझ्या डबीतूनसुद्धा कधी निघाला नव्हता.

आईने विळी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. मी भिंतीकडे पाहत राहिले. लाज वाटत होती, फार लाज. भिंतीपलीकडे काही हललं नाही. मग काकीचा आवाज आला, उठून बसल्यासारखा.

"कोन औट झाला?"

उत्तर द्यायचं म्हणजे कबूल करायचं.

"अरे सांगा ना कोनीतरी," काकी म्हणाली. "मला सांगनारा गेला ना रे."

बाबांनी कानातलं बोंड न काढताच खाटेवर उभं राहून भिंतीच्या वर तोंड नेलं आणि सांगितलं. कोण औट झाला, किती झाले, किती हवेत. एरवी घरात चार शब्द बोलणारा माणूस, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज थांबत नव्हता. काकी विचारू लागली. नवीन कोण आला, बॉलिंगला कोण, ओव्हरला किती लागतात. बाबा बोटं मोजेपर्यंत तीच उत्तर सांगून मोकळी व्हायची. पलीकडून धाकटे काकाही सामील झाले. आई विळी घेऊन आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून जो खटाटोप मी केला होता, त्याचा आता वाडीभर गलका चालला होता, आणि मला आयुष्यात इतकं बरं क्वचित वाटलंय.

रंग भरला, शेवटच्या ओव्हरी आल्या, आणि कानातला माणूस बारीक होऊ लागला. आधी वाटलं तोच थकला. मग तो घोगरा झाला, मग चिरकला, मग गेला. मी डबी हलवली, सेल दाताने चावून पाहिले. वॉकमन आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघं त्याच चार सेलांचं रक्त पीत होते, माझ्या काटकसरीने काकांचे सेल संपवले होते. दुकान दुपारचं बंद. बाबांनी वरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मंग?" काकी पलीकडून म्हणाली. "पुढं?"

बाबा भिंतीला धरून उभे होते. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, दुकानदाराला सुट्टे नाहीत म्हणतानासुद्धा ते अडखळत.

"चौका," बाबा म्हणाले.

"सिक्स," त्याच क्षणी पलीकडून धाकटे काका म्हणाले, कारण त्यांचाही कान मेला होता आणि त्यांच्याही मनात तेच आलं होतं.

"कोनाचा खरा?" काकीने विचारलं.

"चौकाच," बाबा म्हणाले, "पन पंचाने मागून सिक्स दिला." आणि तिथून दोघांना जो चेव चढला तो चढलाच. एक मारतोय, दुसरा धावतोय, दोघंही दमत नव्हते. बॉल गवतात हरवत होते, फील्डर एकमेकांवर आपटत होते. मी खाली बसून तोंडावर उशी दाबून धरली होती. बॉल शिल्लक ठेवून आपण जिंकलो. काकीने चहा मागितला आणि वर बशीत भाकरीही मागितली. आईने ती भिंतीवरूनच दिली.

संध्याकाळी चुलतभाऊ रस्त्यावरच्या टपरीवरून बातमी घेऊन आला. आपण हरलो होतो, चांगलेच. त्या रात्री भावकीत ठरलं की काकीसाठी आपण जिंकलोय. दुसऱ्या दिवशीचा पेपर आईने चुलीत घातला.

दहाव्याला सगळे भातसा नदीवर गेलो. पुरुष पाण्यापाशी, आम्ही बाया जरा मागे, मी काकीला टेकून. धाकट्या काकांनी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे होते, समोरच्या जांभळीवर पाच-सहा, पण एक खाली येईना. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं आमच्यात मानतात, मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. धाकटे काका म्हणाले, वैनीला अंतर देणार नाही. कावळे बसून. कोणी म्हणालं, गाय सांभाळू. कोणी म्हणालं, भेंडीला पाणी देऊ. ऊन चढलं. एक कावळा उडाला आणि शेजारच्या झाडावर जाऊन बसला. लोक अस्वस्थ झाले, काकीचा हात माझ्या हातात थंड पडला होता. मी सायन्सची, पण मीही त्या कावळ्यांना मनातल्या मनात विनवत होते.

मग काकी माझ्याकडे वळली. "तुझ्या बापाला सांग," ती हळूच म्हणाली, "त्यांना खरं काय ते बोला म्हनावं."

"काय खरं?"

"मॅचचा." तिने नाक पुसलं. "एका बॉलला दोगं मिळून दहा रन काढत व्हते. मला काय कळत नाय?"

मी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी वळून काकीकडे पाहिलं, कान लाल झाले त्यांचे. मग ते पिंडापाशी गेले, चप्पल काढली, आणि सगळ्या भावकीसमोर जांभळीकडे बघून म्हणाले, "दादा, आपन हरलो. मी खोटा बोललो वैनीशी."

कावळा आला. त्याला तेवढ्यात भूक लागली असेल, मी आजही तसंच म्हणेन. तो आला आणि खाऊ लागला.

काकी आधी हसली. पदरात तोंड घालून, खांदे हलवत हसली, आणि हसता हसता हुंदके कधी सुरू झाले ते कळलं नाही. मी तिला घट्ट धरलं. ती कावळ्याकडे बोट दाखवत होती.

"हरल्यावर ते कधी जेवायचे नायत गो," ती म्हणाली. "उभ्या जन्मात नाय. आज जेवले."